‘देवराई’ आणि औषधाचा देहधर्म

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने छिन्नमनस्कतेस मराठी प्रेक्षकांची सहानुभूती मिळवून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. तथापि त्याचा भर मनावर व बहिणीच्या जिव्हाळ्यावर आहे. औषध देहावर काय करते, हा प्रश्न गौणच राहतो. क्लोझापिनने झोपेत लघवी होऊ शकते. कंप व ताठरता आवरण्यासाठी जोडीने दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने ती अडूही शकते. जळगाव-धुळ्याकडील दाटीच्या घरात ओले अंथरूण लपत नाही. लाजेपोटी डॉक्टरांशी बोलणे टळते, गोळी सुटते आणि आजार उलटतो. वस्तुतः मात्रा वा औषध बदलून हा त्रास पुष्कळदा आटोक्यात येतो. म्हणूनच पुढील कलाकृतीने करुणेबरोबर या संकोचासही वाचा फोडावी.