घरभेद्याचा शोध

चीनच्या इंटरनेटबद्दल आपल्याला साधारण दोनच गोष्टी माहीत असतात. एक, तिथे गूगल चालत नाही. दोन, २०२० च्या जूनमध्ये आपण टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्या भिंतीच्या आत माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुणावर का तुटून पडतात, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. मायकल बेरी या अमेरिकन प्राध्यापकाचं ‘ट्रान्सलेशन, डिसइन्फर्मेशन अँड वुहान डायरी’ (२०२२) हे पुस्तक ती कल्पना देतं. बेरी चिनी साहित्याचा अनुवादक आहे. परका माणूस म्हणून तो लांबून बघत होता, आणि एके दिवशी त्या गर्दीने त्यालाच धरलं.

झालं असं. २३ जानेवारी २०२० ला वुहान शहर बंद झालं. फांग फांग ही तिथली पासष्टीच्या घरातली कादंबरीकार, हुपेइ प्रांताच्या लेखक संघाची माजी अध्यक्ष. २५ जानेवारीपासून ती रोज रात्री ऑनलाइन डायरी लिहायला लागली. आज हवा कशी होती, भाजी कुठून आली, ओळखीतलं कोण गेलं, आणि साथ आहे हे सुरुवातीला कुणी दडवून ठेवलं. अशा ६० नोंदी झाल्या. नोंदी उडवल्या जायच्या, म्हणून लोक मध्यरात्रीपर्यंत जागून वाचायचे. तेव्हाही तिला शिव्या देणारे होतेच, पण वाचणारे त्याहून खूप जास्त होते.

एप्रिलमध्ये बेरीने केलेल्या इंग्रजी अनुवादाची जाहिरात अ‍ॅमेझॉनवर दिसली आणि वारं फिरलं. डायरीतला एकही शब्द बदलला नव्हता, फक्त आता तो बाहेरचे लोकही वाचणार होते. तिच्यावरच्या आरोपाचं सगळ्यात गाजलेलं रूप होतं, ‘परक्याच्या हातात सुरा दिलास’. वुहानच्या रस्त्यावर तिच्या निषेधाचं हाताने लिहिलेलं भित्तीपत्रक लागलं. तिची बाजू घेणाऱ्या एका प्राध्यापक बाईंवर विद्यापीठाने कारवाई केली. बेरीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. प्रकाशकाने आधी जाहीर केलेल्या उपशीर्षकात वुहानला साथीचा ‘मूळ केंद्रबिंदू’ म्हटलं होतं, त्यानेही तेल ओतलं. नंतर ते बदललं गेलं.

‘परक्याच्या हातात सुरा’ याला मराठीत एकच शब्द पुरतो : घरभेदी. आणि कमेंटमध्ये लिहायचं असेल तर आपल्याकडे सूर्याजी पिसाळ तयारच असतो.

बेरीचं पुस्तक वाचण्यासारखं आहे ते त्याच्या चिकाटीमुळे. एखादी खोटी गोष्ट कुठून निघाली, कशी फुगली, ती कुणी उचलली, हे तो सर्व्हरचे लॉग तपासावेत तसं तपासतो. माझा आक्षेप त्याच्या निदानाला आहे. शीर्षकात ‘डिसइन्फर्मेशन’ आहे आणि उपशीर्षकात ‘सायबर मोहीम’. म्हणजे खोटी माहिती पसरवली गेली आणि कुणीतरी ती चालवली. यातलं बरंच खरं असेल. पण मुख्य आरोप खोटा नव्हताच. पुस्तक अमेरिकेत छापलं जात होतं, हे खरंच होतं. शंभर अफवा खोडून काढल्या तरी ही एक खरी गोष्ट उरते, आणि चिडलेल्या माणसाला तेवढी पुरते.

दुसरं म्हणजे, हे सगळं पगारी टोळ्या करतात हे समाधान फार सोयीचं आहे. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चिनी सरकारच्या अशा पोस्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा अंदाज होता वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख पोस्टी. पण त्या पोस्टी टीकाकारांशी भांडत नाहीत, असं त्यांना आढळलं. त्या देशाचं गुणगान करतात, विषय बदलतात. मग रात्री दोन वाजता एका म्हाताऱ्या लेखिकेला शिव्या देणारा कोण? बहुधा पदरची झोप मोडून, फुकट काम करणारा एखादा साधा माणूस. बेरी या माणसापर्यंत पोचत नाही. पोचणं अवघडच आहे, कारण तो त्याच्या ओळखीचा नाही. माझ्या मात्र आहे. तो माझ्यासोबत विठ्ठलवाडीला लोकल पकडतो, सीट देतो, डबा वाटून खातो आणि मग फोन काढतो.

इंटरनेटने माणसं बिघडवली, असं म्हणायचं असेल तर एक तारीख आडवी येते. ५ जानेवारी २००४. त्या दिवशी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर संभाजी ब्रिगेडच्या जमावाने हल्ला केला. निमित्त होतं जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. त्यातल्या मजकुराबद्दल लोकांना संताप येण्यासारखं कारण होतं. महाराष्ट्रातल्या काही इतिहास अभ्यासकांनी आधीच लेखी आक्षेप घेतला होता आणि प्रकाशकाने हल्ल्याआधीच पुस्तक भारतातून मागे घेतलं होतं. तरी डिसेंबरमध्ये पुण्यातल्या एका संस्कृत अभ्यासकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि मग संस्थेतली पुस्तकं, पोथ्या जमिनीवर आल्या. का? लेनने आभार मानताना यांची नावं घेतली होती म्हणून. लिहिणारा अमेरिकेत होता, हाताला लागणारा पुण्यात होता. फेसबुक त्यानंतर महिनाभराने, ४ फेब्रुवारीला सुरू झालं.

म्हणजे घरभेदी शोधायची सवय आधीची आहे. फोनने फक्त शोधणं सोपं केलं.

किती सोपं, ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दिसलं. पालघर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं आणि मी शाळेत होतो. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर नाराजी लिहिली, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. आम्ही मुलांनी त्यातून काढलेला धडा अगदी व्यवहारी होता : लाइकसुद्धा जपून करायचं.

इथे चीन आणि आपण यांत फरक आहे, तो पुसून चालणार नाही. पालघरच्या प्रकरणात पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला बंद झाला, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ रद्द केलं. फांग फांगला असं दार ठोठावायला नव्हतं. त्यानंतर चीनमध्ये तिची पुस्तकं छापली जाणं थांबलं. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं की रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतायत. जुना कोड डिलीट केला म्हणून तो सगळ्या मशीनवरून जात नाही, हे माझ्या धंद्यातलं कुणीही सांगेल.

चिनी भाषेत ‘जुबाओ’ असा शब्द आहे. अर्थ, तक्रार करून वर कळवणं. आपल्या फोनमध्ये त्याचं नाव ‘रिपोर्ट’. बटण म्हणून ते फार साधं असतं. ते दाबणाऱ्याला विचारत नाही, तुला दुखलंय की तुला कुणी दाबायला सांगितलंय. ते आकडा वाढवतं. चीनमध्ये तो आकडा सरकारपर्यंत जातो, आपल्याकडे कधी कंपनीपर्यंत, कधी पोलीस ठाण्यापर्यंत, कधी नुसता घराच्या दारापर्यंत. रस्ता वेगळा, दाबणारं बोट सारखंच.

आणि हेच बोट परक्याचं कौतुक मात्र आनंदाने पुढे पाठवतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपांवर दिवाळी होती; मीही फोटो पाठवले. आम्ही उल्हासनगरचे, परक्या शिक्क्याची किंमत आम्हाला सांगायला नको. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्हीच सगळ्यांना ऐकवतो. शिक्का हवा, पण तो फक्त पास झालो म्हणून मारलेला हवा. गटारात सोडलेल्या जीन्सच्या रंगाचा फोटो कॅम्प ५ मधल्या कुणी टाकला, की खाली लगेच येतं, ‘शहराची बदनामी थांबवा’. रंग सोडणाऱ्याला कुणी हे सांगत नाही.

बेरीच्या पुस्तकाच्या आधी डायरी वाचा. बाजारहाट, मरणं, कंटाळा, राग, सगळं साध्या भाषेत आहे. एवढ्याशा लिखाणाचं इतकं भय का वाटावं, हा प्रश्न तिथेच पडतो. बेरी तो नंतर सोडवायला बसतो आणि अर्धाच सोडवतो. डायरीची शेवटची नोंद २४ मार्च २०२० ची आहे. त्याच रात्री आठ वाजता आपल्याकडे लॉकडाउन जाहीर झाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंबई पोलिसांनी आदेश काढले. सरकारी यंत्रणेबद्दल अविश्वास पसरवणाऱ्या संदेशांना मनाई, आणि ग्रुपवर तसं काही आलं तर अ‍ॅडमिन जबाबदार. हे आदेश मुंबईपुरते होते, पण आमच्या बिल्डिंगच्या अ‍ॅडमिनने लगेच सेटिंग बदललं : फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल. कुणी तक्रार केली नाही. बेडसाठी कोण किती फिरलं, कोणत्या घरातलं कोण गेलं, रेशन कुठे अडलं, हे त्या चार महिन्यांत कुठेच लिहिलं गेलं नाही. फांग फांगच्या नोंदी निदान उडवाव्या लागल्या.