दिसायला एक, शोधायला दोन

लातूरची तूर सगळ्यांना ठाऊक. पण तिची ‘तुऱ्हाटी’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकीत नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडायचा. दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह द्यायचं. ही दुसरी रीत युनिकोड २.० मधली. जुना मजकूर बिघडू नये म्हणून पुढच्या आवृत्त्यांनीही ती ठेवली, आणि बरंच केलं. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ज्यावर अक्षरं जुळवतात तो मुक्तस्रोत हार्फबझसुद्धा दोन्ही रीती सांभाळतो.

माझी तक्रार पुढची आहे. जुन्याशी नातं राखलं ते फक्त डोळ्यांपुरतं! नांदेडात कुणी ‘पऱ्हाटी’ शोधली, तर संकेत हुबेहूब जुळवणारा शोध दुसऱ्या रीतीची पऱ्हाटी गाळतो. शब्द समोर दिसतोय, यंत्र म्हणतं, नाहीच. शोधताना दोन्ही एक धरायला नवी आवृत्ती कुठे अडते?