दगडाला नाव, माणसाला नाही

माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी युरोपच्या सहलीत काढलेली छायाचित्रे मध्यंतरी अहेरीत आम्हा दहा-बारा जणांना पडद्यावर दाखवली. प्रत्येक छायाचित्राखाली त्यांनी मेहनतीने ओळ लिहिली होती. 'डेव्हिड. शिल्पकार मायकेलअँजेलो. फ्लॉरेन्स, 1504.' 'राजा दुसरा लिओपोल्ड यांचा अश्वारूढ पुतळा, ब्रुसेल्स.' त्याच संचात शेवटी भामरागडकडची चार छायाचित्रे आली. त्यांतल्या एकाखाली लिहिले होते, 'माडिया स्त्री'. गाव नाही, साल नाही, बाईचे नाव तर नाहीच. मी विचारले, या कोण? ते म्हणाले, "सर, ते कुठे विचारत बसणार? पण चेहरा बघा, अगदी शिल्पासारखा!"

हे उत्तर एका माणसाचे असते तर मी त्यावर लेख लिहिला नसता. आपल्या प्रवासवर्णनांनी जोपासलेली ही दृष्टी आहे आणि तिची समीक्षा व्हायला हवी. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (1959) आणि पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' (1960) या पुस्तकांनी मराठी मध्यमवर्गाला युरोप कसा पाहावा हे शिकवले. दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. त्यांची भाषा, त्यांचा विनोद मी नाकारत नाही. परंतु त्यांच्यामागून आलेल्या असंख्य सहलवर्णनांनी त्यांतली जाण सोडली आणि फक्त यादी उचलली. हा मनोरा, तो पूल, हा पुतळा आणि त्यापुढे उभे आम्ही. आता मोबाईलने हे काम आणखी सोपे केले आहे.

ही यादी निरुपद्रवी नसते. डेव्हिडचेच पाहा. बलाढ्य गोलियथला गोफणीने लोळवणारा हा पोर फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने आपल्या सत्तास्थानासमोर उभा केला, तो दांडग्यांना इशारा म्हणून. आज त्या चौकात जो दिसतो तो 1910 साली बसवलेला नमुना आहे. मूळ पुतळा 1873 पासून अकादमीच्या संग्रहालयात आहे. त्याचा संगमरवर कॅराराच्या खाणीतला. त्याच कॅराराच्या खाणकामगारांनी 1894 साली उठाव केला आणि सरकारने लष्कर आणून तो चिरडला. ओळीत शिल्पकाराचे नाव आले, राजाचे आले. दगड फोडणारा कुठे आहे?

लिओपोल्डच्या बाबतीत तर ही ओळ गुन्ह्यावर पांघरूण घालते. 1885 ते 1908 या काळात काँगो हा प्रदेश या राजाची खाजगी मालमत्ता होता. ठरवून दिलेले रबर आणले नाही म्हणून तेथल्या माणसांचे हात तोडले जात. 2020 साली ब्रुसेल्समधल्या त्या पुतळ्यावर लोकांनी लाल रंग फेकला. त्याच वर्षी इंग्लंडात ब्रिस्टलच्या लोकांनी गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा ओढून बंदरात लोटला. युरोपातलीच माणसे आपल्या पुतळ्यांना जाब विचारत असताना आमचा प्रवासी मात्र त्यांना अदबीने 'यांचा' म्हणतो.

छायाचित्राचा दोष मी काढत नाही. 1904 साली ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काँगोत एक छायाचित्र घेतले. एक बाप ओट्यावर बसला आहे आणि त्याच्यासमोर त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय ठेवला आहे. त्या बापाचे नाव न्साला. हॅरिसने नाव विचारले, टिपून ठेवले आणि ही छायाचित्रे युरोपभर सभांतून पडद्यावर दाखवली गेली. राजाच्या हातून काँगो काढून घेण्याची जी चळवळ झाली तिच्यात या छायाचित्रांचा वाटा मोठा होता. नाव होते म्हणून ते चित्र साक्ष ठरले. नाव नसते तर न्सालाही कुणाच्या संचात 'आफ्रिकी पुरुष' म्हणून पडून राहिला असता.

आपल्या साहित्यात दुसरी वाट दाखवणारा प्रवासी झालेला आहे. दीड दिवसाच्या शाळेतून बाहेर पडलेले अण्णा भाऊ साठे 1961 साली रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. ज्या स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी रचला होता त्या देशातला कामगार कसा जगतो, हे पाहण्याची त्यांना ओढ होती. त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होती. पाहुण्याला यजमान दाखवील तेवढेच दिसते. स्टालिनच्या श्रमछावण्या अशा प्रवासाच्या वाटेवर येत नसतात. पण इमारतीआधी माणूस पाहावा, हा क्रम त्यांनी घालून दिला. 2022 साली मॉस्कोत त्यांचाच पुतळा बसला. आता आपली माणसे त्याच्यासमोर छायाचित्रे काढतील. लंडनला बाबासाहेबांचे किंग हेन्रीज रोडवरचे घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने घेतल्यापासून तेथेही काढतात. काढावीत. परंतु त्या घरातून निघून बाबासाहेब दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसत, हे त्या छायाचित्राखाली येणार नसेल तर आपली यादीही त्यांच्या यादीसारखीच होईल.

एटापल्ली-भामरागडच्या जंगलात माडिया लोक आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. त्यांवर चेहरा नसतो, अक्षर नसते. दगड कुणाचा हे गाव सांगते. पण त्यासाठी गावाला विचारावे लागते. डेव्हिडची उंची पुस्तकात सापडते, हे नाव सापडत नाही. आमच्या प्रवाशाला नेमके हे विचारणेच जड जाते, कारण विचारायचे म्हणजे समोरच्याला जाणता मानायचे.

त्या दिवसानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना काम दिले. घरातल्या एका माणसाचे छायाचित्र घ्या. खाली नाव, गाव, काम लिहा. माणसाला विचारून घ्या आणि एक प्रत त्याला द्या. बहुतेकांनी आणले. एका मुलीने फक्त कागद आणला. तिच्या आजीने सांगितले होते, "माझा फोटो नको. खूप लोकांनी काढून नेले, एकानेही आणून दाखवला नाही." मुलीने हे वाक्य आजीच्या नावासह लिहिले होते. मी तिला पूर्ण गुण दिले. जिला आजवर कुणी विचारले नव्हते तिला विचारले गेले, आणि तिने नकार दिला. हा नकार आपल्या सौंदर्यशास्त्रात बसला पाहिजे. तो बसत नसेल तर ते शास्त्र आपल्याला पुन्हा लिहावे लागेल.