वाड्यावरचा पाटील कारखान्यावर : १९७५चा मराठी चित्रपट

१९७५ साली मराठी पडद्यावरचा पाटील वाड्यातून उठला आणि साखर कारखान्यावर जाऊन बसला. त्या वर्षाबद्दल लिहिताना ‘सामना’ आशयघन म्हणून वरच्या फळीवर आणि ‘पांडू हवालदार’ अचकटविचकट म्हणून खालच्या फळीवर ठेवायचा, ही समीक्षेची सवय आता इतकी मुरली आहे की पाटलाच्या या स्थलांतराकडे कोणाचे लक्षच जात नाही. बाकीच्या चित्रपटांत देव नवसाला पावले आणि बहिणींनी भावांसाठी डोळे गाळले. त्यांना एवढे वाक्य पुरे.

कोल्हापूरच्या स्टुडिओंनी घडवलेला पाटील सगळ्यांच्या परिचयाचा : झुपकेदार मिशी, फेटा, पुढ्यात बैठक, नजर फडावरच्या बाईवर नाहीतर गरिबाच्या लेकीवर. बाईची हाव हेच त्याचे एकमेव पाप. सोसायटीचे कर्ज, उसाची तोड, पाण्याची पाळी यांतला त्याचा हात कॅमेऱ्यात सहसा येत नसे. निळू फुले पडद्यावर आले ते याच घराण्यातून, अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) मधून. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील त्यांनीच केला, पण त्याला ओरडायची गरज पडत नाही. तो दारुड्या मास्तरला घरी ठेवतो, खाऊपिऊ घालतो, आपला कारभार हौसेने दाखवत फिरवतो. ‘मास्तर’ म्हणताना आवाज चढत नाही. उलट थोडा खाली येतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा माणूस ओळखायला समीक्षकाची मदत लागत नव्हती.

समोरचा मास्तर डॉ. श्रीराम लागूंचा. ‘पिंजरा’तही (१९७२) लागू मास्तरच होते आणि तिथेही तो घसरला होता. ‘पिंजरा’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांना कुतूहल होते ते मास्तर कसा बिघडला याचे. ‘सामना’ची विजय तेंडुलकरांची पटकथा बिघडलेल्या मास्तरापासूनच सुरू होते आणि त्याच्या तोंडून गावाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते : मारुती कांबळेचं काय झालं? नीती बाईच्या पदराशी बांधायची मराठी चित्रपटाची खोड इथे सुटली. त्याच वर्षीच्या श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’चे लेखनही तेंडुलकरांचे, तिथेही मास्तर, तिथेही गावचे धनी. पण ‘निशांत’मधले जमीनदार स्वातंत्र्यापूर्वीच्या तेलंगणातले, म्हणजे इतिहासजमा. हिंदुराव सहकारातून वर आलेला, गावाचा विकास करणारा, मते मिळवणारा आहे. त्याचा निषेध करणे जास्त अवघड, म्हणून ‘सामना’ दोहोंत मोठा. जूनच्या २५ तारखेला देशात आणीबाणी लागली आणि दोनच दिवसांनी सुरू झालेल्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट होता.

‘पांडू हवालदार’ खालच्या फळीवर टाकणाऱ्यांना एक गोष्ट अडचणीची आहे. दादा कोंडके आणि निळू फुले दोघेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले, दोघेही लोकनाट्यात तयार झालेले. ‘विच्छा माझी पुरी करा’तून आलेल्या कोंडक्यांनी दिग्दर्शनाची सुरुवात या चित्रपटाने केली आणि वगातला हजरजबाबीपणा हवालदाराच्या गणवेशात घातला. सरकारी अंमलाची टर उडवण्याचे हे काम वगनाट्य कधीपासून करत आले होते. द्व्यर्थी विनोद पुढे त्यांच्या डोक्यावर बसला, हे खरेच. पण हवालदाराला ‘पांडू’ म्हणायची रीत महाराष्ट्रात रुजली ती या चित्रपटाने. सत्तेला टोपणनाव देणे ही कमाई थोडी नव्हे.

या दोन्ही चित्रपटांच्या वाटेवर कोल्हापूर लागते, मुक्कामाला मात्र नाही. भालजी पेंढारकरांनी कोंडक्यांना ‘तांबडी माती’त (१९६९) घेतले, फुल्यांना माने यांनी आणले. माणसे इथली, बोली इथली, ऊसही इथलाच. तरीही ‘सामना’ काढला दौंडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. जब्बार पटेलांनी आणि चित्रकला शिकवणाऱ्या रामदास फुटाण्यांनी. ‘घाशीराम कोतवाल’चा अनुभव गाठीशी असलेल्या पटेलांचा हा पहिलाच चित्रपट. स्टुडिओ, कसबी तंत्रज्ञ आणि चित्रीकरणाला हवी तेवढी गावे असलेल्या शहराला तो सुचला नाही, कारण कोल्हापूर आपल्याच पहिल्या धड्यापासून दूर गेले होते. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ला १९७५ मध्ये ५० वर्षे झाली. कर्जापायी जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम! शेतकऱ्याची जमीन कोण खातो हा प्रश्न कोल्हापूरने १९२५ साली मूकपटातून विचारला होता. बोलायला आल्यावर मात्र ते लावणी, कुस्ती आणि इतिहासात रमले, आणि त्या रमण्याला ‘अस्सल मातीतला चित्रपट’ असे नाव घेऊन फिरले. माती कोणाच्या सातबाऱ्यावर आहे ते पडद्यावर दिसत नसेल, तर ती अस्सल असूनही शोभेचीच उरते. ‘सामना’त आरती प्रभूंचे गाणे मास्तरच्या हताशपणाला धरून येते, कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांकडून मागवले गेले ते शृंगाराचे गाणे.