जॅझ : घाम कुणाचा, मुकुट कुणाला

जॅझवर लिहिणारे पंडित 'शैलींचा विकास' सांगतात. न्यू ऑर्लिन्स, मग स्विंग, मग बीबॉप. जशा झाडाला आपसूक फांद्या फुटाव्यात. मला हे पटत नाय.

न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांना रविवारी ढोल वाजवायची मुभा होती. त्याच शहराच्या काळ्या वस्त्यांतून पुढं जॅझ उभा राहिला. पण १९१७ साली जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली ती गोऱ्या बँडची. १९३५ नंतर अख्खी अमेरिका स्विंगवर नाचली. 'स्विंगचा राजा' ठरला गोरा बेनी गुडमन. त्याच्या बँडसाठी कितीतरी गाणी बांधून दिली काळ्या फ्लेचर हेंडरसननं. ही रीत आपल्याला ठाऊक आहे.

मग १९४० नंतर हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये पोटाची वाजवणी उरकून पोरं जमू लागली. थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर. त्यांनी लय इतकी पळवली, सूर इतके वाकवले की नाचणारे थबकले. करमणूक बास, आता ऐका! हा बीबॉप.

१९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बनं चार काळ्या मुलींचा जीव घेतला. त्याच वर्षी जॉन कोल्ट्रेननं 'अलाबामा' वाजवलं. एक शब्द नाय, तरी ऐकताना माझा गळा दाटतो.

१९७२ साली आपल्या माणसांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. आपण या वादकांकडून चाल घेऊ. आपल्या कवितेला दिवाणखान्यात टाळ्या पडू लागल्या की ती बदलायची. 'कळत नाही' म्हणतील. म्हणू देत.