अणूतील पोकळी आणि माणसाचे वजन

अद्भुताच्या संहितेत विज्ञान चुकते, हा आक्षेप समीक्षेच्या दृष्टीने दुय्यम होय. संहितेने स्वतः घालून दिलेला नियम ती पाळते काय, हा प्रश्न मात्र रूपबंधाचा असतो, क्वचित नीतीचाही. मार्व्हलच्या यलोजॅकेट या पात्राच्या निमित्ताने तो येथे मांडावयाचा आहे.

यलोजॅकेट म्हणजे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची गांधीलमाशी. १९६८ साली चित्रकथेत हे नाव प्रथम धारण केले ते हँक पिम या नायकानेच, व्यक्तिमत्त्व दुभंगलेल्या अवस्थेत. डॅरेन क्रॉस हे खलपात्र १९७९ मधले; त्याला हा वेश चढवला पेटन रीड यांच्या २०१५ च्या ‘अँट-मॅन’ चित्रपटाने. एका मनाचे दोन तुकडे असे गुरू आणि शिष्य या दोन देहांत वाटले गेले.

या विश्वाचा नियम सोपा आहे: अणूंमधील अंतर घटवले की देह लहान होतो, बळ तेवढेच राहते. भौतिकशास्त्र याला अनुकूल नाही. रदरफर्डने १९११ मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना मांडल्यापासून अणू ‘पोकळ’ असल्याची प्रतिमा रूढ झाली. पण ही पोकळी रिकाम्या खोलीसारखी नव्हे. मीटरच्या सुमारे दहा अब्जाव्या भागाएवढा अणूचा विस्तार इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, त्याचा विद्युत्भार आणि प्लांकचा स्थिरांक यांवर अवलंबून असतो. शिवाय पाउलीच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वामुळे इलेक्ट्रॉन हवे तसे एकमेकांत कोंबता येत नाहीत. तरीही नियम मान्य करू. अशक्य असूनही संभाव्य वाटणाऱ्या गोष्टीला ॲरिस्टॉटलनेही काव्यात जागा दिली आहेच.

मग हिशेब मात्र चोख हवा. १८० सेंटिमीटरचा मनुष्य १.२ सेंटिमीटरचा झाला, तर आकारमान सुमारे ३४ लाख पटींनी घटते आणि वजन कायम राहते. ठोसा मारताना नायकाला हे वजन लागते, म्हणून ते असते. मुंगीवर स्वार होताना नको, म्हणून नसते. पिमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तर अख्खा रणगाडा लटकतो. हा विनोद म्हणून सोडून देता येईल.

एक दृश्य मात्र तसे सोडता येत नाही. शंका काढणाऱ्या सहकाऱ्याला क्रॉस प्रसाधनगृहात अर्धवट सिद्ध झालेल्या अस्त्राने आकुंचित करतो. उरतो चिमूटभर लगदा. तो कागदाने टिपून घेऊन क्रॉस पाण्याबरोबर वाहून टाकतो. नियमानुसार त्या लगद्यात एका पुऱ्या माणसाचे वजन असावयास हवे होते. एका हाताने, कागदाच्या चिठोऱ्यात ते उचलले जाणे शक्यच नाही. दृश्यातील क्रौर्य प्रेताच्या हलकेपणातून उमटते, आणि तो हलकेपणा संहितेने स्वतःचा नियम मोडून मिळवला आहे. माणसाला वजनशून्य करण्याचे खलनायकाचे कृत्य येथे निवेदनही करते, आणि तेही प्रेक्षकाला हसवीत.

शेवटी नायक अणूहूनही सूक्ष्म होतो (अणूंचाच बनलेला देह अणूहून लहान कसा, हे विचारू नये) आणि सुखरूप परततो. क्रॉसचा पोशाख बिघडून देह वेडावाकडा आक्रसतो. २०२३ च्या चित्रपटात तो परततो तो अजस्र मस्तक आणि खुरटे हातपाय घेऊन. अणूंच्या नियमाची किंमत त्याच्याकडूनच वसूल होते. प्रसाधनगृहातला तो सहकारी मात्र परतत नाही.