ओझ्याखालचा निवेदक

हिमालयावरची पुस्तके वाचण्याचा नाद मला तरुणपणीच जडला. बर्फाकडे जाण्याची ऐपत नसलेल्या माणसाला हा नाद स्वस्तात पडतो. वाचनालयाची वर्गणी भरली की झाले. मात्र अलीकडे या वाचनाला एक खोड लागली आहे. नवे पुस्तक हाती आले की शिखर किती फुटांचे आणि वादळ कितव्या प्रकरणात, हे मी पाहत नाही. ओझे वाहणाऱ्या माणसाला लेखकाने नाव दिले आहे का, आणि दिले असेल तर त्याच्या तोंडी एखादे पुरते वाक्य घातले आहे का, एवढेच पाहतो. या कसोटीला भलेभले ग्रंथ उतरत नाहीत.

१९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेचेच घ्या. मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी 'द असेंट ऑफ एव्हरेस्ट' हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ग्रंथ मोठा नेटका आहे. लेखक लष्करी माणूस आहे हे पानोपानी कळते. सामान, शिधा, प्राणवायूची नळकांडी, सगळ्याचा हिशेब चोख. शेर्पांविषयी हंट कृतघ्न आहेत असे मुळीच नाही. ते त्यांची मोकळ्या मनाने वाखाणणी करतात. परंतु वाखाणणी करणे निराळे आणि बोलू देणे निराळे. शिखरावरच्या प्रकरणासाठी त्यांनी लेखणी एडमंड हिलरींच्या हाती दिली. तेही योग्यच झाले, कारण हंट काही शिखरावर गेले नव्हते. पण त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस होता, त्याच्या वाट्याला मात्र प्रकरण आले नाही. शेवटचा अवघड टप्पा चढून तेनसिंग वर येतो तो कसा? तर समुद्रातून नुकत्याच ओढून काढलेल्या प्रचंड माशासारखा, गलितगात्र. उपमा म्हणून पाहाल तर ती जिवंत आहे. मला सुचली असती तर मीही ती कादंबरीत घातली असती आणि दोन दिवस स्वतःवर खूष राहिलो असतो.

त्या माशाने दोन वर्षांनी उत्तर दिले.

१९५५ साली तेनसिंग नोर्गे यांचे आत्मचरित्र 'मॅन ऑफ एव्हरेस्ट' या नावाने इंग्लंडात निघाले. तेनसिंग यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले आणि जेम्स रॅम्से उल्मन या अमेरिकन कादंबरीकाराने ते शब्दांत बसवले. ती माशाची उपमा आपल्याला आवडली नाही, हे तेनसिंग यात सरळ सांगतात. आपल्याला कोणी ओढून काढले नाही, दोघेही चढले, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की लगेच पुढे शिखरावर पहिले पाऊल हिलरींचे पडले हेही तेच सांगून टाकतात. दोन वर्षे वर्तमानपत्रे ज्या प्रश्नावर कंठशोष करीत होती, त्याचा निकाल त्यांनी स्वतःच्या विरुद्ध लावला. अशा माणसाची माशाविषयीची तक्रार मग खरी वाटू लागते.

या पुस्तकाचे मोल मला वाटते ते येथे आहे. तोच डोंगर, पण दिसतो तो पाठीवर ओझे घेऊन वाकलेल्या माणसाला. त्याच्या नजरेला पहिल्याने पडते ते शिखर नव्हे. झोपायला जागा कोणती मिळाली, हे पडते. काठमांडूत साहेबलोक ब्रिटिश वकिलातीत उतरले आणि शेर्पांची सोय मोटारीच्या गॅरेजात झाली, हा प्रसंग तेनसिंग विसरत नाहीत. उलट १९५२ सालच्या स्विस मोहिमेविषयी ते बोलू लागले की शब्दांना ऊब येते. रेमंड लांबेर आणि ते, दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी सुमारे २८,००० फुटांच्या वर दोघे बरोबर गेले. पुढल्या वर्षी शिखरावर तेनसिंग यांच्या गळ्यात लांबेर यांनी दिलेला तांबडा रुमाल होता. ज्याने मित्र मानले तो शिखरावर न पोचताही पोचला!

आणि ती पेन्सिल. धाकट्या मुलीने, नीमाने, दिलेला तांबड्या-निळ्या पेन्सिलीचा तुकडा तेनसिंग यांनी मिठाईबरोबर शिखरावरच्या बर्फात पुरला. अक्षरशत्रू माणसाने जगाच्या माथ्यावर पेन्सिल ठेवावी! शाळामास्तराचे डोळे येथे पाणावले तर वाचकांनी क्षमा करावी.

दोषही आहेत. उल्मन यांची कादंबरीकाराची सवय अधूनमधून डोके वर काढते. काही वाक्यांचा भोळेपणा इतका बेतशीर आहे की तो दार्जिलिंगचा नसून टंकलेखनयंत्राचा वाटतो. दुसऱ्याच्या हाताने लिहिण्याची ही किंमत आहे. पण ती दिली नसती तर पुस्तकच नसते, जसे १९२२ सालच्या हिमप्रपातात गेलेल्या सात भारवाहकांचे नाही. १९३४ साली नंगा पर्बतावर गाय-ले आपला नेता विली मेर्क्ल याच्यापाशी राहिला आणि त्याच्याबरोबरच संपला. स्वामिनिष्ठा म्हणून लेखक त्याला वंदन करून पुढे जातात. त्या रात्री त्या दोघांत काय बोलणे झाले असेल, हे आता कोण सांगणार? २०१४ साली खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गेले. नेपाळ सरकारने वारसांना प्रथम ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा मात्र वाचलेले शेर्पा गप्प राहिले नाहीत. काम थांबले, आणि नेपाळच्या बाजूने त्या हंगामातले चढणे जवळजवळ बंदच पडले.

इतका न्याय-निवाडा केल्यावर स्वतःची वही उघडणे भाग पडले. काही वर्षांपूर्वी, पुस्तकांनी चढवलेल्या झिंगेत, मी कुमाऊँतल्या पिंडारी हिमनदीपर्यंत पायी गेलो होतो. बरोबर एक वाटाड्या आणि एक भारवाहक. वहीत सारे काही आहे. धाकुडीच्या खिंडीतून दिसलेले मैकतोली, खातीतल्या चहाचा भाव, द्वालीच्या पुलाखालच्या पाण्याचा रंग (यावर पाऊण पान!), फुरकियातल्या थंडीवर एक विनोद. ज्याने आठ दिवस माझे अंथरूण वाहिले, त्याची नोंद खर्चाच्या पानावर सापडली: 'हमाल १.' पुढे रक्कम.

वर्गात हा प्रवास मी रंगवून सांगतो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले होते, "सर, त्यांचं नाव काय?" मी घंटेकडे पाहिले, आणि घंटा झाली.

हा लेख लिहायला बसल्यावर वाटाड्याला फोन लावला. त्याचा आवाज तसाच होता. मी म्हटले, आपल्याबरोबर जो होता, त्याचे नाव हवे आहे. तो म्हणाला, कोणता? हंगामात पुष्कळ असतात. चेहरा आठवेना. उंची सांगता येईना. शेवटी आठवले ते एवढेच, की त्याच्या पायात प्लास्टिकचे बूट होते, उजवा टाचेशी फाटलेला आणि सुतळीने बांधलेला. मागून चालताना तेवढे सतत दिसे. ती खूण मी मोठ्या उत्साहाने सांगितली.

तो हसला. म्हणाला, "मास्टरजी, वैसे जूते तो सबके होते हैं।"